भरावाखालची उघाडी

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तुमच्या घराला एकच दार आहे आणि त्या दारामागे खाडी उभी आहे, असं समजा. ते दार कोण लावतं, कोण उघडतं, हे ठाऊक नसेल तर तुम्हाला झोप लागेल का?

मी एक जुनी उघाडी आहे. पेणकरपाड्याच्या पलीकडे, खाडीच्या बांधात बसवलेलं सागवानी दार. भरती चढली की मला खाली पाडायचं, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही. ओहोटी लागली की वर ओढायचं, म्हणजे पावसाचं पाणी खाडीला जातं. हे काम धर्माने पन्नास वर्षं केलं. दर दिवाळीनंतर तो मला तेल पाजायचा. बांधाखालीच त्याचं घर होतं.

पुढे भातशेती संपली. धर्माच्या मुलाने, कुलदीपने, त्या जमिनीवर इमारती उभ्या करायचं ठरवलं. त्यासाठी नियोजन सल्लागार नेमावा लागतो. कुठे बांधायचं, किती बांधायचं, पाणी कुठून जाणार, हे सांगणारा जाणकार.

आधी शैलाताई आल्या. मुद्दाम अमावास्येच्या उधाणाला आल्या आणि सहा तास बांधावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "कुलदीप, पाण्याची ही वाट मोकळी ठेवा. चार नाही, दोनच इमारती बसतील."

"मॅडम, तुम्ही माझ्या बाजूने आहात की खाडीच्या?" कुलदीप हसला. त्यांना पुन्हा बोलावणं गेलं नाही.

दुसरा जितेश. तो आलाच नाही. कुलदीपने बांधावरूनच त्याला माझा फोटो पाठवला. फोनमधून आवाज आला, "अरे, भंगार आहे हे! नकाशात नाला नाही ना? मग विषय संपला. चार टॉवर आरामात बसतात, भाई."

"याला म्हणतात कन्सल्टंट!" कुलदीप शेजारी उभ्या बापाला म्हणाला.

"बाला, त्यानं पानी बगितलंच न्हाय," धर्मा म्हणाला.

"बाबा, तो कॉम्प्युटरवर बघतो पाणी."

डंपर आले. माझ्यासमोरचा पाणी वाहून नेणारा चर बुजला, मीही मातीखाली गेले. आषाढात धर्माच्या घरात कमरेएवढं पाणी साचलं. खाडीला ओहोटी होती. वाट असती तर दोन तासांत ओसरलं असतं. नातीला, चांदणीला, माळ्यावर बसवून धर्मा पहार घेऊन आला. "थांब गो, मोकली करतो तुला," असं मला म्हणत त्याने खणायला घेतलं, आणि वरचा भराव खचला.

मित्रांनो, मला हलता आलं नाही. ज्या जेसीबीने माती पसरली, त्यानेच धर्माला बाहेर काढलं. मलाही उपटून बांधावर टाकलं. माझ्या जागी आता भगदाड आहे. भरती थेट अंगणात येते.

मी लाकूड, आज ना उद्या कुजणारच. पण जाणकार निवडताना, आपल्या मनासारखं बोलतो म्हणून कुणाला निवडू नका, एवढं ऐका.

तेराव्याला जितेश पहिल्यांदा आला, पांढऱ्या कपड्यांत. कुलदीपची मान वर होत नव्हती. "चांदणी, साहेबांना आत घेऊन ये," तो कसाबसा म्हणाला.

नऊ वर्षांच्या चांदणीने जितेशचा हात धरला आणि त्याला बांधावर आणलं. खाली चिखल होता, पाणी चढत होतं.

"आजा हितं गेला. उतरा."

"बेटा, माझे बूट खराब होतील ना."

चांदणी खाली बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.