काही नाही जी

मी एक जुना डोंगा आहे. मोहाच्या एकाच खोडातून कोरलेला आणि आता मधोमध चिरलेला. मित्रांनो, जुन्या वस्तूंना बोलायची घाई नसते म्हणतात, पण मला आहे. तलावाच्या पाळीवर चुन्याच्या पांढऱ्या खुणा पडल्या आहेत, आणि त्यातली एक माझ्या टोकापासून चार हातांवर आहे.

पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. सिहोऱ्याकडच्या आमच्या लहानशा गावात तलाव मोठा आणि वस्ती छोटी. नत्थू नावाच्या, मासे धरणाऱ्या ढिवराने एका उन्हाळ्यात मला कोरलं. आतून थोडं जाळायचं, थोडं खरवडायचं, पाणी मारायचं, पुन्हा जाळायचं. कितीतरी दिवस माझ्या अंगाला मोहफुलांचा वास येत होता, म्हणून मुंग्याही माझ्यावर खूश होत्या. नत्थूनंतर त्याचा मुलगा बुधराम मला वल्हवू लागला, आणि बुधरामची बायको सखाबाई जाळं टाकू लागली. माझ्यातून मरळ आली, शिंगाड्यांच्या राशी आल्या. लग्न झालं की नवरानवरीला माझ्यात बसवून तलावाची एक फेरी मारायची गावात पद्धत होती. नवरी कितीही धीट असली तरी मी जरासा कलंडलो की नवऱ्याचा हात धरायची. माझं तेव्हा फार कौतुक व्हायचं.

मग पत्र्याची नाव आली. हलकी, चकचकीत. मला पाळीवर पालथं घालून ठेवलं. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी तक्रार केली नाही. ऊब देण्याचं काम काही वाईट नाही.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो, कारण सगळं त्या रीतीवरच अडलं आहे.

काकडीच्या वेलावर इवलीशी काकडी धरली की तिला बोट दाखवायचं नाही. दाखवलं तर ती सडते, असं आमच्याकडे मानतात. पाळण्यातल्या लेकराला कुणी 'गुटगुटीत' म्हटलं की आई लगेच 'कुठं जी, काही खातच नाही' म्हणते. तसंच सारसांचं. हे माणसाएवढे उंच, लाल डोक्याचे पक्षी पावसाळ्यात आमच्या तलावाच्या पल्याडच्या अंगाला, देवधानात घरटं करतात. देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं रानटी धान. त्या घरट्याला कुणी बोट दाखवत नाही, अंडी कुणी मोजत नाही. सांगायचंच झालं तर हनुवटीने सांगायचं. आणि कुणी परक्याने विचारलं, तर ठरलेलं उत्तर द्यायचं: काही नाही जी.

हे 'नाही' म्हणजे नाही नव्हे. हे 'आहे, पण जपा' असं आहे. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं.

गेल्या मे महिन्यात एक जीप आली. एक मॅडम उतरल्या, हातात टॅब, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. त्यांनी बुधरामला समजावून सांगितलं की देशाच्या रक्षणासाठी एक यंत्रणा इथे ठेवायचा विचार आहे. शत्रूचं विमान किंवा ड्रोन दूरवर असतानाच ओळखायचं आणि पाडायचं. पाळीवर सिमेंटचे चौथरे होतील, मोठमोठ्या गाड्या राहतील, दिवसरात्र जनरेटर चालतील, देवधान कापून तिकडची जागा मोकळी करतील आणि सगळ्याभोवती कुंपण होईल. पण त्याआधी निसर्गावर काय परिणाम होईल ते तपासायचं असतं. तेच काम त्या करत होत्या. बुधरामची छाती फुगली. गावातला टेकचंद फौजेत आहे, त्याचं नाव बुधरामने दोनदा घेतलं आणि मॅडमना चहा पाजला.

तलाव तेव्हा आटलेला. मधे थोडं पाणी, बाकी भेगाळलेला गाळ. देवधानाची वाळकी काडीसुद्धा गुरांनी ठेवली नव्हती. मॅडमनी माझ्या पाठीवर बसून सखाबाईला विचारलं की पावसाळ्यात इथे सारस अंडी घालतात का, किती घरटी असतात.

सखाबाईने पदर सावरला आणि मान हलवली. "काही नाही जी."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मी त्यांच्याखालीच होतो, मित्रांनो. टॅबवर बोटाचा टक असा आवाज झाला, तो मला ऐकू आला. मला बोलता आलं नाही.

श्रावणात तो अहवाल ग्रामपंचायतीत लागला. बुधरामची सून ज्योत्सना आठ महिन्यांच्या खुशीला कडेवर घेऊन तो वाचायला गेली. परत आली ती मोबाइलवर त्याचा फोटो काढूनच. पाळीवर, माझ्याशेजारीच तिने सासूला वाचून दाखवलं. लिहिलं होतं की स्थानिकांनी सांगितल्यानुसार या तलावात सारस किंवा इतर पाणपक्ष्यांची वीण होत नाही, त्यामुळे देवधान काढल्याने कोणतीही हानी संभवत नाही. हरकत घ्यायला तीस दिवस होते. त्यातले अकरा गेले होते. आणि पल्याड, भरलेल्या तलावात, सारसाची मादी घरट्यावर बसलेली होती.

सखाबाईला आधी ते पटेचना. "म्या नाही म्हटलं, मंजे आहेच ना. एवढ्या शिकलेल्या बाईले समजत नाही काहून?"

"कागदाले नाही समजत, आत्याबाई," ज्योत्सना म्हणाली. "कागदावर नाही मंजे नाही."

सखाबाई मटकन माझ्यावर बसली. तिचं वजन आता मूठभर उरलं आहे, तरी त्या दिवशी मला ती जड लागली.

ज्योत्सनाने हरकतीचा अर्ज लिहिला. खुशी मांडीवर झोपली की चार ओळी, ती उठली की थांबायचं. असे तीन दिवस गेले. अर्ज घेऊन ती एसटीने भंडाऱ्याला, जिल्ह्याच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसाने पुरावा मागितला. तिने पाळीवरून मोबाइलवर काढलेल्या घरट्याच्या फोटोत तर नुसता हिरवा पाला आणि एक करडा ठिपका. तिने त्या मॅडमचा नंबर मिळवला, रोज फोन केला. उत्तर एकच, की लिहिलेलं बदलायचं तर प्रत्यक्ष पाहावं लागेल. शेवटी मॅडम यायला तयार झाल्या. एकोणतिसाव्या दिवशी.

पण घरटं दाखवणार कोण? देवधानात वाट फक्त सखाबाईला ठाऊक, आणि ती तयार होईना. बोट दाखवलं तर अंडी जातील, ही तिची भीती. लोक हसतील म्हणून ती ते उघड बोलत नव्हती, पण बुधरामने ओळखलं.

"चाळीस वर्सं मले बोट दाखवून बोलून राहिली," तो म्हणाला. "मी कुठं सडलो?"

"सडले नाही तं काय? आरशात पाहा जरा," सखाबाई म्हणाली. ती किंचित हसली आणि मग रडली.

पत्र्याची नाव तिकडे नेता येत नव्हती. तिला काडी लागली तरी ती डब्यासारखी वाजते. पक्षी उठला, बिथरला, तर सगळंच संपलं. म्हणून इतक्या वर्षांनी मला सुलटं केलं. बुधरामने माझ्या चिरेत चिंध्या कोंबल्या, वरून डांबर फासलं. मला पाण्यात ढकललं तेव्हा चीर करकरली. ती मला जाणवली. मी श्वास रोखून धरला, डोंग्याला धरता येतो तेवढा.

बुधराम बांबूने ढकलत होता. पुढे सखाबाई, मधे मॅडम, मागे ज्योत्सना. ओढणीने पाठीशी बांधलेली खुशी, आणि ज्योत्सनाच्या हातात तेलाचा रिकामा डबा. पाणी आत येत होतं आणि ती ते उपसत होती. मी मनात म्हणत होतो, अजून थोडं, अजून थोडं. माझ्यात एक लेकरू होतं. पुढे देवधानात अजून न जन्मलेली लेकरं होती. आणि माझं लाकूड फाटत होतं.

देवधानाच्या तोंडाशी आम्ही थांबलो. सखाबाईने हनुवटी उचलली.

"कुठे?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं. "मला फक्त गवत दिसतंय, आजी."

सखाबाईने पुन्हा हनुवटी उचलली. मॅडमनी डोळे बारीक केले, दुर्बीण लावली, फिरवली. काही नाही. मला वाटलं, आकाशात दूर उडणारं विमान शोधणारी माणसं ही, आणि चाळीस हातांवरचं घरटं त्यांना दिसू नये. पण दोष त्यांचा नव्हता. आमचं घरटं न दिसण्यासाठीच बांधलेलं असतं.

ज्योत्सनाच्या डब्याचा आवाज वाढला. पाणी आता घोट्यापर्यंत आलं होतं. "मागं घ्या, मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली.

तेव्हा सखाबाईने पदराखालून उजवा हात काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिने देवधानाकडे बोट केलं.

"ते पाहा जी. दोन आहेत."

मादी त्याच क्षणी उभी राहिली. तिच्याखाली पिवळट पांढरी, मोठी, दोन अंडी. मॅडमनी फोटो काढले. त्यांचे डोळे भरले होते. परतताना त्या म्हणाल्या की हे सगळं मी खरंखुरं लिहीन, आजी, पण निर्णय माझ्या हातात नाही. बुधराम एवढंच म्हणाला, "फौजेले जागा पायजे तं देऊ जी. पण नाही लिहून नोको घ्या."

किनाऱ्याला टेकताच माझी चीर टोकापर्यंत उघडली. मला तिथेच सोडलं. अर्धा पाण्यात, अर्धा गाळात, चुन्याच्या खुणेजवळ. इथून देवधान नीट दिसतं.

दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ज्योत्सना ते फोटो जोडून अर्ज भंडाऱ्याला देऊन आली. त्यानंतर दहाव्या दिवशी एक पिल्लू बाहेर आलं. बदामी रंगाचं, मुठीएवढं. दुसरं अंडं तसंच राहिलं. थंड झालं. मादी चार दिवस त्यावर बसून मग उठून गेली.

असं होतं कधीकधी. मी पाण्यात जन्म काढला, मला माहीत आहे. पण सखाबाईला कोण सांगणार? ती त्या बोटाला चिंधी बांधून फिरते. खुशीलासुद्धा डाव्या हाताने घेते. ज्योत्सना रोज ग्रामपंचायतीत जाऊन विचारते. भंडाऱ्याहून उत्तर आलेलं नाही. परवा दोन माणसं येऊन चौथऱ्यांसाठी मारलेल्या चुन्याच्या खुणा पुन्हा गडद करून गेली.

मित्रांनो, मी आता तरंगणार नाही. पण तुमच्या गावात कुणी टॅब घेऊन विचारायला आलं आणि तुमची आजी 'काही नाही' म्हणाली, तर त्यांना तसंच जाऊ देऊ नका. त्यांना पावसाळ्यात पुन्हा बोलवा. आजीच्या हनुवटीकडे बघायला सांगा. आणि तिला बोट उचलावं लागण्याआधी तुम्ही बोला.

मला बोट नाही. माझ्या मोजण्याने कुणाला नजर लागायची नाही. म्हणून मीच सांगतो, ज्यांच्याकडे तो कागद अडला आहे त्यांना सांगतो. या तलावात आहे. दोन होती. एक आहे. लिहून घ्या.