पदराची उलटी बाजू

सावळीराम येवल्याचा विणकर. २००३ साली बेल्जियममधल्या ब्रूज गावच्या प्रदर्शनात त्याचा पैठणीचा पदर आठ दिवस काचेत ठेवायचा ठरला. बरोबर इंग्रजी बोलायला पुतणी सायली आली. पदर बायकोच्या, चंद्रभागेच्या हातचा. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं. प्रदर्शनाचे हॉलवाले म्हणाले, "ठेवून जा," तसा त्यानं पदर कोटाच्या आत छातीशी बांधला आणि गाव बघायला बाहेर पडला.

"नाना, चोर नाहीत ते," सायली म्हणाली.

"लय गोड बोलत्यात. फोटो काढून मशीनवर विणतील."

गाव त्याला पटेना. विटांच्या घरांना छपरावर पायऱ्या. "घाट पाण्याला आसतो. हितं वर कोण चढणार?" कालवे होते, पण एक बाई धुणं धुताना दिसेना. घंटेच्या उंच मनोऱ्याकडं त्यानं एकदा पाहिलं आणि कोटाचं बटण चाचपलं.

एका दारात म्हातारी लेस विणत होती. मांडीवर उशी, उशीवर टाचण्यांचं रान, दोऱ्यांना लटकलेल्या लाकडी कांड्या. त्या खडखड फिरत होत्या, पण त्याला टाचण्यांपलीकडं काही दिसेना.

"खाली मशीनची लेस दडवली आसंल."

येवल्यात दुसऱ्या विणकराच्या घरी गेलं की आधी काम उलटून बघतात. पैठणी दोन्ही अंगांनी सारखी हवी. न उलटणं म्हणजे विणकराला मोजलंच नाही. त्याच सवयीनं त्यानं लेस कडेला धरून उचलली. टाचण्या उडाल्या, कांड्या एकमेकींत गुंतल्या.

"नाना! काय केलंत हे?"

म्हातारी उशीवर वाकली. गुंतलेले दोरे सोडवू लागली. सावळीरामला बघवेना. त्यानं कोट उघडला आणि पदर तिच्यापुढं उलटा धरला.

"बघ म्हणावं. हात लाव म्हणावं."

तिनं पदरावर विणलेल्या मोरावरून बोट फिरवलं. मानेपाशी थांबली, मागं आली, पुन्हा तिथंच थांबली.

"नाना, ती विचारतेय, इथून दुसऱ्या कुणी विणलंय का?"

चंद्रभागा दवाखान्यात गेली तेव्हा मोर मानेपर्यंत झाला होता. पुढचा त्यानं विणला. येवल्यात कुणाला ओळखू आलं नव्हतं, त्यानं सांगितलंही नव्हतं.

"पुढं माझा हात हाय," तो म्हणाला. "सांग तिला, बाई गेली माझी."

सायलीनं सांगितलं. म्हातारीनं शेजारची खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

संध्याकाळी हॉलचा माणूस शोधत आला, तेव्हा सावळीराम तिला एकेक टाचणी वेचून देत होता.

"पदर देतो म्हणावं," तो सायलीला म्हणाला. "पण रोज ही बाई काच उघडून बघून जाईल. या हॉलवाल्यावर माझा भरवसा नाय."