जागा रिकामी झाली तर

कामिनीला एका जागी बसवत नव्हतं. जळगावच्या टेनिस कोर्टांच्या कडेला मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बसायची, उठायची, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायची, पुन्हा बसायची. आणि समोर, जाळीच्या पलीकडे, अर्धं असोदा येऊन बसलं होतं! केळी वाहायच्या पिकअपमधून, मोटारसायकलींवरून, लेकराबाळांसकट. कशाला, तर आपल्या गावच्या पोरीची मॅच बघायला.

पण पोरीची मॅच होतीच कुठे?

पोरगी आदल्या दिवशीच हरली होती. मुख्य स्पर्धेत शिरायचं तर आधी पात्रता फेरी खेळावी लागते. तिच्या शेवटच्या सामन्यात कामिनीचा निकाल लागला. आता नियम असा, की अशा हरलेल्यांतली वरच्या क्रमांकाची खेळाडू सकाळी येऊन सही करते आणि तयार होऊन बसून राहते. मुख्य स्पर्धेतली कुणी आजारी पडली, कुणाचा पाय मुरगळला, तर तिच्या जागी हिला घेतात. याला म्हणे ‘लकी लूजर’ म्हणतात. ज्याने कुणी हे नाव ठेवलं, त्याला एकदा त्या खुर्चीवर बसवायला हवं!

“काय व कामिनी, तुहा नंबर कवा?” निंबा आबांनी जाळीतून चौथ्यांदा की पाचव्यांदा विचारलं. आबा गल्लीतले सगळ्यात वडीलधारे. पिकअप त्यांनीच ठरवली होती.

“बघू आबा. जागा रिकामी झाली तर.”

“जागा? आपुन मंगाशीच बठ्ठ्या खुर्च्या धरून ठेवल्या ना!”

आता यांना काय समजावणार? कामिनी हसली आणि मान फिरवून बसली. पाय मात्र हलतच होता.

कारण हे वर्ष शेवटचं होतं. टेनिसमध्ये कमावलेले गुण वर्षभरच टिकतात, मग गळून पडतात. कामिनीचे उरलेसुरले गुण याच आठवड्यात गळणार होते. मुख्य स्पर्धेत एक सामना, फक्त एक, जिंकला असता तर जगाच्या क्रमवारीत तिचं नाव कुठेतरी तळाशी का होईना, लटकून राहिलं असतं. नाहीतर नाव पुसलं जाणार. सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची तिच्यात ताकद नव्हती. धुळ्याच्या एका शाळेने क्रीडाशिक्षिका म्हणून बोलावलं होतं आणि कळवायला याच आठवड्यापर्यंतची मुदत दिली होती. तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं: नाव गेलं, की धुळे.

म्हणून ती सकाळपासून देवाकडे एकच मागणं मागत होती. कुणीतरी आजारी पड गं बाई! लाज वाटत होती मागताना, पण मागत होती.

आता पहिल्या फेरीतला शेवटचा एकच सामना उरला होता, संध्याकाळचा. मियू नावाच्या जपानी मुलीचा. अठरा वर्षांची, एवढीशी, बरोबर ना कोच ना आई. दुपारी ती जाळीपाशी घुटमळली, आणि सापडली सुमनबाईंच्या तावडीत.

सुमनबाई म्हणजे कामिनीची आई. त्यांनी पहाटे उठून भरीत केलं होतं. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, हिरव्या मिरच्या ठेचलेल्या, वर कांद्याची पात. सोबत पुऱ्यांचा डबा आणि दह्याचं पातेलं. मियूने वाकून नमस्कार केला, एक घास खाल्ला आणि तिचे डोळे पाण्याने भरले. सुमनबाईंना वाटलं, पोरीला आईची आठवण आली! झालं, मग आग्रहाला काय सीमा? मियू हात जोडून नको म्हणे, आणि यांना वाटे, लाजते. आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला ‘नको’ कोण समजतं? पानात पडलेलं टाकू नये हे तिकडेही शिकवतात वाटतं, कारण ती बिचारी सगळं संपवत गेली आणि या वाढत गेल्या.

ऊन कलल्यावर मियू पोट धरून बायकांच्या खोलीत जाऊन पडली. डॉक्टर येऊन गोळी देऊन गेले. मग स्पर्धेचे निरीक्षक लगबगीने कामिनीकडे आले.

“वॉर्म-अप सुरू कर. पंधरा मिनिटांत ती उभी राहिली नाही, तर तू खेळायचंस.”

कामिनीच्या अंगातून वीज गेली. आनंद झाला तिला, खोटं कशाला बोलायचं! तिने बुटाची नाडी आवळली. आईच्या भरताने काम केलं होतं. हसावं की रडावं कळेना. ती खोलीच्या बाहेर दोरीवरच्या उड्या मारायला लागली. आतून मियूचं कण्हणं ऐकू येत होतं.

तेवढ्यात सुमनबाई आल्या. पायात चपला नाहीत, हातात वाटी. दह्यात पिकलं केळं कुस्करून वर साखर घातलेली. असोद्यात तिखट बाधलं की हेच देतात, आणि उतरतंही.

“ती पोरगी कुठी हाय व? माह्या हातचं खाऊन पडली म्हने!” त्यांचा चेहरा उतरला होता.

कामिनी उडी मारायची थांबली. तिथे दारं सगळी सारखीच होती. ‘माहीत नाही’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. आई शोधत हिंडली असती आणि तोवर वेळ संपली असती. जीभ तयारही झाली होती.

पण मध्येच मोनास्तिर आठवलं, एका स्पर्धेसाठी एकटीच गेली होती ते. परमुलुखातलं स्वस्त लॉज, अंगात ताप, पाणी द्यायला कुणी नाही. भिंतीकडे तोंड करून ती रात्रभर ‘आई’ म्हणत पडली होती.

तिने बोटाने दार दाखवलं. सुमनबाई आत गेल्या. कामिनी पुन्हा उड्या मारायला लागली, जोरजोरात, जणू स्वतःवरच चिडून.

मुदत संपायच्या आत मियू बाहेर आली. फिकटलेली, पण ताठ. कोर्टावर गेली, धडपडली, सावरली आणि चक्क जिंकली. असोद्याच्या मंडळींनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. “आपलं केयं खाल्लं तिनं, दह्यातलं!” निंबा आबा सगळ्यांना सांगत सुटले होते.

सुमनबाई रिकामी वाटी घेऊन लेकीशेजारी येऊन बसल्या. खूश होत्या. “उठोलं की नई पोरीले? आता तुही मॅच कवा?”

“आता नाही, आई. ती उठली नसती, तर तिच्या जागी मी खेळणार होते. हीच शेवटची जागा होती.”

सुमनबाईंना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी वाटी खाली ठेवली. पिकअपपाशी कुणीतरी पोरांना हाका मारत होतं.

“मंग मले सांगाचं ना, माय.”

“सांगितलं असतं, तर दिलं नसतंस?”

सुमनबाईंनी मियूकडे पाहिलं. ती लांबून त्यांनाच वाकून नमस्कार करत होती.

“देलंच असतं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “पन आधी तुह्याजवळ बसून रडली असती, मंग देलं असतं.”

कामिनीने बूट काढले आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग दोघी तिथेच बसून रडल्या.