देवाच्या ढिगावरचा काळा गोटा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे किती? हिमालय माझ्यासमोर लहानाचा मोठा झाला. समुद्र आले, गेले, मी होतो. सध्या मी गोंदियाच्या कुडव्यात, केवळराम साहेबांच्या संडासाच्या दाराशी असतो. दाराची कडी तुटली आहे. दार आपटू नये, म्हणून मी.

माझा जन्म बालाघाटकडचा, मँगनीजच्या खाणीतला. रंग काळा, वजन भारी. लालसिंग ट्रकवाल्याने मला चढावर चाकामागे लावायला उचलले. अख्खा ट्रक मी एकटा अडवत असे. एवढेच काय ते मी आयुष्यात प्रामाणिक काम केले.

नागझिऱ्याच्या अलीकडे एका टेकडीच्या वळणावर देवाचा ढीग होता. तिथली रीत अशी, की जाणाऱ्याने एक गोटा ठेवायचा, हात जोडायचे आणि पुढे निघायचे. लालसिंगजवळ दुसरा दगड नव्हता. त्याने मला ठेवले. शेजारी एक छत्तीसगडचा, एक चोरखमारा तलावाच्या पाळीवरचा. जो तो आपल्या गावाच्या बढाया मारी. सुखाचे दिवस होते.

मग खनिज खात्याची जीप आली. केवळराम साहेब भूवैज्ञानिक. टेकडीवर चढून नमुने आणणे हे त्यांचे काम. त्यांनी टेकडीकडे पाहिले, उन्हाकडे पाहिले आणि मला उचलले.

मोहफुले वेचणाऱ्या पार्वताबाई ओरडल्या, "साहेब, देवाचा गोटा कायले उचलून राहिले जी?"

"बाई, शास्त्रासाठी पाहिजे."

"मंग शास्त्राले टेकडी चढता नाई येत का? पाय दुखते का त्याचे?"

साहेब हसले. उत्तर नसले की हसायचे, हे खात्यात लवकर शिकवतात.

प्रयोगशाळेत मी पहिल्या वर्गात पास झालो. टेकडीत उत्तम मँगनीज आहे, असे ठरले. खणले, तर मुरूम निघाला. मला कुठून उचलले, एवढे साहेबांनी सांगितले असते तर टेकडी वाचली असती. ते म्हणाले, "खनिज खोलवर असावे." खोल खणले. मुरूमच. "आणखी खोलवर असावे." या एका वाक्यावर साहेब बढत्या घेत मुंबईला खाणधोरणाच्या समितीत पोचले. तिथल्या एकानेही टेकडी पाहिली नव्हती. मला मात्र प्रत्येकाने हातात घेतले आणि "वा!" म्हटले. मी दगड आहे, तरी मला लाज वाटली.

साहेब निवृत्त झाले. "यांना धरतीच्या पोटातले कळते," असे भाषण झाले आणि मला पितळी पट्टी ठोकून त्यांना भेट दिले.

परवा पार्वताबाई पत्ता विचारत घरी आल्या. म्हणाल्या, "टेकडी तं गेली जी. मोहाचे झाडं गेले. आता खड्डा हाये, त्यात म्हशी बसते. देवाचा ढीग आमी काठावर मांडला नव्यानं. तेवढा गोटा तं वापस द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मग दाराकडे पाहिले.

"बघू," ते म्हणाले.

मित्रांनो, निसर्ग जपा वगैरे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझे मागणे लहान आहे. तुमच्यापैकी कोणी कुडव्याला गेलात, तर साहेबांच्या संडासाची कडी तेवढी बसवून द्या.