शुद्धीतला बाप

तालमीत दीपक पुन्हा रडला, तेव्हा ललितने हातातली संहिता खुर्चीवर आपटली.

“दीपकदादा, इथे रडायचं नाहीये हो! मुलगा कोपऱ्यात विव्हळतोय आणि बाप पट्टा खुंटीला अडकवून जेवायला बसतोय. एवढंच आहे.”

“पण आतून काहीतरी तुटत असेलच ना त्याचं?” दीपकने डोळे पुसले. “शेवटी बाप आहे.”

हे ‘शेवटी बाप आहे’ ऐकून ऐकून ललितचे कान किटले होते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली पाळी संपवून, अंगावरची राख धुऊन तो नाशिकरोडच्या शाळेच्या हॉलमध्ये तालमीला यायचा आणि रोज कुणीतरी त्याला त्याचंच नाटक समजावून सांगायचं. नाटकातल्या मुलाचं आपल्या मित्रावर प्रेम असतं, बापाला ते कळतं आणि तो पोराला मारून मारून ‘सरळ’ करायला निघतो. मुलाचं काम ललित स्वतःच करत होता. नेपथ्यवाला म्हणाला, मित्राऐवजी परजातीची मुलगी दाखव, काय फरक पडतो? हॉल देणारे मुख्याध्यापक म्हणाले, नाटक खुशाल करा, फक्त तो शब्द उच्चारू नका. कोणता शब्द, ते त्यांनीही उच्चारलं नाही. आणि शेवटी बापलेकांची गळाभेट तर झाडून सगळ्यांनाच हवी होती. दिग्दर्शन करणाऱ्या मनीषाताई आधी सगळ्यांशी भांडायच्या. पण राज्य नाट्य स्पर्धा तोंडावर आली तशा त्याही थकल्या.

“रडू दे रे त्याला एकदाचं,” त्या म्हणाल्या. “निदान पाठांतर तरी चोख आहे त्याचं.”

त्या रविवारी सकाळी मात्र भलतंच घडलं. पंचवटीत झेंडूचे क्रेट उतरवून ललितचे वडील सावळीराम रिकामा टेम्पो घेऊन थेट हॉलवर आले. ललितने इंदिरानगरला खोली घेतल्यापासून बापलेकांचं बोलणं सणावारापुरतं उरलं होतं.

“पेपरात तुझं नाव आलंय म्हणं,” दारातूनच ते म्हणाले. “माझ्यावर नाटक लिवलं का काय?”

ललित धडपडत उभा राहिला. आता आरडाओरडा होणार, पडदे ओढले जाणार. पण सावळीराम टोपी मांडीवर ठेवून पुढच्या खुर्चीत बसले. “चालू द्या.”

प्रवेश सुरू झाला. दीपक बाटली घेऊन झोकांड्या खात आला, त्याने ललितवर पट्टा उगारला, चार फटके हाणले आणि सवयीप्रमाणे तो रडू लागला.

“थांबा, थांबा,” सावळीराम उठले. “ह्यो रडतो कशाला? आन पट्टा कुठनं आला? मी सायकलची ट्यूब घ्यायचो. पट्ट्यानं कातडं फुटतं, मग शाळेत मास्तर इचारतो.”

“काका,” दीपक कसाबसा म्हणाला, “म्हणजे तुम्ही खरंच...”

“मग? पोरगं वाया चाललं व्हतं.” आवाजात ना लाज, ना राग. “त्ये जाऊ द्या. पन ही बाटली काढा. जलमात थेंबाला शिवलो नाय मी, माळ हाय गळ्यात. जे केलं ते शुद्धीत केलं.”

ललित जमिनीवरून उठलाच नाही. बाटली त्यानेच घातली होती, अगदी पहिल्या खर्ड्यात, कुणीही मागितली नसताना. दोन महिने तो दीपकवर खेकसत होता, आणि बापाच्या हाती सबब मात्र त्याने स्वतःच दिली होती.

सावळीराम टोपी घालून बाहेर पडले, तसा तो धावत टेम्पोपाशी गेला. “नाना, मला वाटलं, तुम्ही नाटक बंद पाडायला आलात.”

“बंद कशाला? कळू दे लोकांना, बापानं कसूर केली नाय.”

“मी अजून तसाच आहे. तुमच्या मारानं काहीही बदललेलं नाही.”

सावळीराम टेम्पोत चढून बसले. “म्हंजी कमीच पडला,” ते म्हणाले. खत कमी पडलं म्हणावं, तसं.

ललितने टेम्पोच्या दारावर दाणकन मूठ हाणली. “मला रोग झाला नव्हता, नाना! तेरा वर्षांचा होतो मी! एकदा तरी विचारायचं होतंत, काय रे, दुखतंय का?”

“पत्रा चेपंल,” सावळीराम म्हणाले आणि चावी फिरवून निघून गेले.

रस्त्यात उभं राहून ललितने टेम्पोच्या मागे दोन शिव्या हासडल्या. मग परत येऊन म्हणाला, “मनीषाताई, बाटली काढायची.”

“आता? अख्खा प्रवेश बदलेल!”

“बदलू दे.”

त्या काही बोलणार, तोवर दीपकनेच बाटली नेऊन खिडकीत ठेवली. “ललित,” त्याने हळूच विचारलं, “जेवायला बसल्यावर ते काय बोलायचे?”

“मीठ मागायचे.”

प्रयोगात दीपक रडला नाही. ट्यूब घडी घालून त्याने खुंटीला लावली, ताटावर बसला आणि साध्या आवाजात म्हणाला, “मीठ आण गं.” प्रेक्षकांतून कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. दोन माणसं उठून गेली. बाकीचे बसून राहिले.

स्पर्धेतला शेवटचा प्रयोग त्यांचाच होता, निकाल लगेच लागला. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांचं मत पडलं, की वडिलांच्या क्रौर्याला पुरेसं कारण दिलेलं नाही. मनीषाताईंनी कपाळाला हात लावला. दीपक मात्र तोंडाचा रंग अर्धवट पुसलेला, तसाच नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर ओरडत सुटला, “कारण पाहिजे यांना! ऐकलंस का? कारण!”

येणारेजाणारे वळून बघत होते. ललितने त्याचा दंड धरला आणि त्याला समोरच्या टपरीकडे ओढत नेलं. चहा येईपर्यंत दीपकचं तेच चाललं होतं. आज पहिल्यांदाच ललितच्या वाटचं दुसरं कुणीतरी वैतागत होतं. तो मुकाट्याने ऐकत बसला.