जुना प्रोसेसर, पंधरा मिनिटांसाठी

बाईंना सगळं मोजायची खोड होती. एकवीस वर्षं नकाशे काढण्यात गेलेली, त्यामुळे पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल पण टेप हवाच, असा त्यांचा खाक्या. ऑफिसात त्यांना पाठीमागे टेपबाई म्हणायचे आणि हे त्यांना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. मागच्या वर्षी ते ऑफिस बंद पडलं, मंडळी पांगली आणि टेपबाई घरी आल्या.

घरी बसून त्यांना अकरा महिने झाले होते. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर जायचा, यायचा, आणि एका शब्दानं काही बोलायचा नाही. बाईंना तेच जास्त टोचायचं. वेळ जात नाही म्हणून विणकाम सुचवणाऱ्या नणंदेला त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं होतं, "वन्सं, मला छंद नकोय, काम हवंय." त्यानंतर पंधरा दिवस नणंदेनं फोन केला नाही.

मग एका सोमवारी काम चालून आलं, म्हणजे निदान दारापर्यंत आलं. स्वयंपाकघराचं फर्निचर बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकिणीला घरून नकाशे काढणारं एक माणूस कायमचं हवं होतं. तिनं सगळ्या उमेदवारांना एकच परीक्षा दिली. एका उपाहारगृहाच्या मुदपाकखान्याची मापं आणि दहा-बारा फोटो पाठवले. त्यावरून नकाशा काढायचा, आणि तयार झाल्यावर ते स्वयंपाकघर कसं दिसेल याची चार चित्रं संगणकावर बनवून शनिवारी पाच वाजेपर्यंत पाठवायची. पाच वाजून एक मिनिटानं आलेलं उघडणार नाही, असंही खाली लिहिलं होतं. बाईंना ही मालकीण तिथंच आवडली.

नकाशा दोन दिवसांत झाला. चित्रं मात्र होईनात. घरचा संगणक आठ वर्षांचा. चित्र अर्ध्यावर आलं की घरघर करायचा आणि गोठून बसायचा. नवरा म्हणाला, "नवीनच घेऊन टाक ना. मी बघतो पैशांचं."

"तू काही बघू नकोस," बाई म्हणाल्या. ऑफिस बंद होताना हातात आलेल्या रकमेतलं थोडं त्यांनी बाजूला ठेवलं होतं. त्यात नवा संगणक येत नव्हता, जुना सुधारता आला असता. त्याच्या वर एक दमडी घालायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

सल्ला द्यायला भाचा धावून आला. हा पंचवीस वर्षांचा, दिवसा बँकेत, बाकीचा वेळ खेळात. संगणकाचं नाव काढलं की त्याच्या अंगात येई. "मामी, डोळे झाकून ग्राफिक्स कार्ड घ्या. सगळे पैसे त्यात टाका. आणि आत दिवे लावू, निळे. काय दिसेल म्हणून सांगू!"

"मला त्यात बसून जेवायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "दिवे कशाला?"

डोळे झाकून काही घेणं हे बाईंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी एक वही घेतली आणि संगणकाच्या मागे लागल्या. कोणती फाईल उघडली, किती मिनिटं लागली, त्या वेळी पडद्यावरच्या आकड्यांत नेमकं काय भरून वाहत होतं, सगळं टिपलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चोराचा पत्ता लागला. स्मृती, म्हणजे भाच्याच्या भाषेत रॅम, काठोकाठ भरायची. जुनी डिस्क धापा टाकायची. आणि प्रोसेसरचा जीव मेटाकुटीला यायचा. कार्ड? त्यांचा चित्रं काढायचा प्रोग्रॅम कार्डाला विचारतच नव्हता. सगळं प्रोसेसरकडूनच करून घेत होता.

भाच्यानं वही दोनदा वाचली. त्याचा चेहरा पडला, पण पोरगा प्रामाणिक. "मामी, तुमचं बरोबर आहे," म्हणाला. "पण दिवे छान दिसले असते."

असं ठरलं. रॅम दुप्पट करायची, छोटी पण वेगवान डिस्क घ्यायची आणि आतल्या त्याच बोर्डावर, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीवर, बसेल असा पुढच्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर बघायचा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची यादी त्यांनी फोनवर शोधली. हवा तो प्रोसेसर यादीत होता. तरी हिशेब थोडक्यासाठी अडत होता. तेव्हा त्यांनी जुना प्रोसेसर काढून दुकानात द्यायचा आणि तेवढी सूट घ्यायची असा तोडगा काढला. शुक्रवारी दुकानदारानं तो भिंगातून पाहिला, सूट दिली आणि विचारलं, "ताई, तुमच्या बोर्डावर हा नवा चालतो ना? बघितलंय?"

"यादी वाचलीये," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरा ताठा होता, खोटं कशाला बोला.

शनिवारी सकाळी पदर खोचून त्यांनी सगळं जोडलं. रॅम बसली, डिस्क बसली, प्रोसेसरवर करडं मलम लावून त्यावर पंखा बसवला. बटण दाबलं. पंखा गरगर फिरला. पडदा मात्र काळाच. पुन्हा काढलं, पुन्हा जोडलं. काळाच. साडेदहा वाजले होते.

आता गंमत ऐका. बाईंनी आयुष्यभर नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टिपा लिहिल्या. कंत्राटदार त्या कधी वाचत नाहीत म्हणून एकवीस वर्षं कपाळाला हात लावला. एकदा तर एकाला, "ही टीप काय मी माझ्या समाधानासाठी लिहिली का?" असं भर साइटवर ऐकवलं होतं. त्याच बाईंनी आता कंपनीची यादी परत उघडली, बोटानं खाली सरकवत नेली, आणि तळाशी बारीक अक्षरात टीप होती. बोर्डाच्या आत एक लहानसा प्रोग्रॅम असतो. कोणता प्रोसेसर ओळखायचा ते तो ठरवतो. नवा प्रोसेसर बसवण्याआधी तो प्रोग्रॅम नवा करून घ्यावा. आणि ते करताना बोर्डावर ओळखीचा, म्हणजे जुना प्रोसेसर असणं आवश्यक.

जुना प्रोसेसर त्यांनी स्वतःच्या हातानं विकला होता.

बाईंना रडू आलं. दोन मिनिटं आलं. मग त्यांनी तोंड धुतलं आणि दुकान गाठलं.

दुकानदारानं डोकं खाजवलं. "तसला दुसरा नाही हो माझ्याकडे. तुमचा काल संध्याकाळीच गेला. एक जण घाईघाईनं आला आणि घेऊन गेला. तो पण नकाशे काढतो म्हणाला, शनिवारच्या आत संगणक चालू व्हायला हवा म्हणत होता."

"घाईघाईनं?" बाईंनी विचारलं. "बोलताना मानेला झटके देत होता का?"

"अगदी बरोबर! ओळखता?"

ओळखत होत्या म्हणजे काय, सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. ऑफिसात त्याला रॉकेट म्हणायचे. तीन दिवसांचं काम दीड दिवसात करायचा आणि उरलेला दीड दिवस बाई त्यातल्या चुका काढायच्या. त्यालाही शनिवारच्या आत संगणक हवा होता, म्हणजे तोही याच परीक्षेला बसला होता. इतकं कळायला बाईंना वही लागली नाही.

त्याच्याकडे जायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं. ज्याला आपण उठता-बसता बोललो, त्याच्याच दारात हात पसरायचा, आणि तोही अशा कामासाठी, जे आपल्याला मिळालं तर त्याला मिळणार नाही. पण चित्रं पाठवायची तर दुसरी वाट नव्हती. त्यांनी संगणकाचा डबा चादरीत गुंडाळला, टॅक्सी केली आणि दीड वाजता चौथ्या मजल्यावरचं दार ठोठावलं. जिना होता, लिफ्ट नव्हती. डबा साडेआठ किलोचा होता. तोही त्यांनी मोजलेला.

"बाई!" रॉकेट दारातच उभा राहिला. त्यानं चादरीकडे पाहिलं. "आत या आधी. काय झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं, टिपेसकट. टीप वाचली नाही हे सांगताना त्यांची मान खाली गेली. रॉकेट हसला नाही. ऑफिसात तो असा संयम कधी दाखवत नसे.

"पण बाई, माझं शेवटचं चित्र चालू आहे. आत्ता बंद केलं तर पहिल्यापासून करावं लागेल. वीस मिनिटं थांबाल?"

त्या थांबल्या. संगणकासमोरच खुर्ची होती. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यानं उमटत होतं. आधी छत आलं, मग धुराडं, मग कपाटांची रांग. छान होतं. बाईंनी मनात कबूल केलं की उजेडाचं काम आपल्यापेक्षा बरं केलंय यानं. मग डावा कोपरा उमटला आणि बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

त्या कोपऱ्यात खांब होता. मालकिणीच्या मापांत तो दिलेला नव्हता. फक्त सातव्या फोटोत, फ्रीजच्या मागे, त्याची एक कड दिसत होती. बाईंनी फरशा मोजून त्याची जाडी काढली होती आणि कपाट तेवढं आत घेतलं होतं. रॉकेटच्या चित्रात खांब नव्हताच. कपाट सरळ भिंतीपर्यंत गेलं होतं, म्हणजे प्रत्यक्षात ते खांबाला आपटून तिथंच अडकलं असतं.

बाई काही बोलल्या नाहीत.

चित्र पूर्ण झालं. रॉकेटनं संगणक बंद केला, प्रोसेसर काढून बाईंच्या बोर्डावर बसवला, आणि पेनड्राइव्हवरून तो नवा प्रोग्रॅम आत घातला. पंधरा मिनिटं पडद्यावर एक रेष सरकत राहिली. मग त्यानं जुना काढला, नवा बसवला, बटण दाबलं. पडदा उजळला. बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"झालं बाई!" रॉकेट खूश होऊन म्हणाला. "पळा आता. अडीच वाजलेत."

त्याचे आभार मानून बाई निघाल्या. तिसरा मजला उतरल्या. दुसऱ्यावर आल्या आणि पाय अडला. डबा जड होता, पण पाय त्यामुळे अडला नव्हता. या माणसानं काही न विचारता आपला चालता संगणक उघडला होता. आणि आपण? आपण गप्प बसलो. वर जावं तर काम हातचं जाईल. अकरा महिन्यांनी आलेलं काम! त्यांना स्वतःचा भयंकर राग आला, रॉकेटचा आला, त्या खांबाचाही आला. मग त्यांनी डबा दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी दाराशी ठेवला आणि दोन मजले परत चढल्या.

"सातवा फोटो उघड," धापा टाकत त्या म्हणाल्या. "फ्रीजच्या मागे बघ. काय आहे?"

रॉकेटनं फोनवर फोटो उघडून पाहिलं. पाहतच राहिला. "खांब," तो हळूच म्हणाला.

"फरशा मोज. साडेतीनशे मिलिमीटर येईल. कपाट तेवढं आत घे, दोन चित्रं परत काढ. अडीच तास आहेत. आणि कृपा कर, घाई करू नकोस."

"बाई, तुम्ही मगाशीच बघितलं होतं?"

"हो," बाई म्हणाल्या. "मगाशीच." आणि वळून निघाल्या.

घरी पोचेपर्यंत सव्वातीन झाले. पूर्वी अर्ध्यावर मरणारं चित्र आता बारा मिनिटांत तयार होत होतं. नवरा कामावरून आला तो दारातच थबकला, कारण बाई घड्याळ आणि पडद्याकडे आळीपाळीनं बघत उभ्या होत्या, बसायचंच विसरल्या होत्या. चौथं चित्र साडेचारला झालं. सगळं नीट तपासून, एकदा परत तपासून, पाचला आठ मिनिटं कमी असताना त्यांनी पाठवलं.

सोमवारी सकाळी मालकिणीचा फोन आला. आवाज करडा होता.

"अकरा जणांची कामं आली. खांब फक्त दोघांना सापडला. मी तो मुद्दाम दिला नव्हता."

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या.

"दुसरा तुमच्या जुन्या ऑफिसचा. त्याच्या नकाशावर खाली 'काढले' आणि 'तपासले' असे दोन रकाने आहेत. 'तपासले' मध्ये तुमचं नाव आहे. हे काय प्रकरण?"

जुन्या ऑफिसात तो रकाना भरल्याशिवाय कागद बाहेर जात नसे, आणि घाईत सगळं विसरणारा रॉकेट एवढं मात्र विसरला नव्हता. बाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, विकलेला प्रोसेसर, न वाचलेली टीप, जिना, सगळं.

मालकीण म्हणाली, "त्याची चित्रं तुमच्यापेक्षा चांगली आहेत, हे सांगायला हवं. आणि तुम्ही तर त्याच्यासाठी परत जिना चढलात. मग तुम्हीच सांगा, हे काम कुणाला देऊ?"

नवरा समोर उभा राहून फोनमधलं सगळं ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की बायको आता मोठ्या मनानं त्या पोराचं नाव घेणार.

"मला द्या," बाई म्हणाल्या. "त्याला चूक दाखवणं माझं काम होतं, ते मी केलं. हेही माझंच काम आहे. खांब मी मोजलाय."