पैकीच्या पैकी

बापूची तपासणी आहे असं सरकारी कचेरीचं पत्र आलं आणि ताईनं कंबर कसली. तपासणी म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे पाठांतर. या घरात त्या शब्दाला तिसरा अर्थ नव्हता. बापू तिचा धाकटा भाऊ, वय वर्षं चौतीस, इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालतो. त्याच्याशेजारी रोज तीन तास सोबतीच्या बाई उभ्या असतात, त्यांचा पगार सरकार देतं. चादरींऐवजी टॉवेल आले की बापू थिजतो. बाई हळूच म्हणतात, "आता लहान घडी," की हात पुन्हा चालू. बाई गेल्या तर नोकरी गेली, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. पास झाला तरच बाई राहतील, असं तिनं धरलं होतं. म्हणूनच तर तिनं आठवडाभर त्याच्याकडून घोकून घेतलं.

"नवीन काम सांगितलं तर?"

"जमतं."

"एकट्याला?"

"एकट्याला जमतं."

तपासणीच्या साहेबांसमोर बापू इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसला आणि एकदाही अडखळला नाही. बाई मधे काही बोलू पाहत होत्या, तर ताईनंच डोळे वटारून त्यांना गप्प केलं. केवढी हुशारी!

महिन्यानं निकाल आला. पैकीच्या पैकी. कर्मचारी स्वावलंबी झाल्यानं सोबत बंद.

बापूनं अख्ख्या जिन्याला सांगितलं की तो पहिला आला. ताई रडू येईल म्हणून न्हाणीघरात जाऊन उभी राहिली, पण ते काही आलं नाही. राग नाही, लाज नाही, काहीच नाही. मग नळाखाली बादली होती ती भरून घेतली आणि बाहेर आली.

बाई गेल्यावर चौथ्याच दिवशी धुलाईघराच्या मुकादमांचा फोन. "टॉवेलांची गाडी आली, तर हा दीड तास नुसता उभा. मी कुणाकुणाकडे बघू?" माणूस वाईट नव्हता, त्यानं महिनाअखेरपर्यंत कळ काढायचं कबूल केलं.

ताईनं कचेरीत खेटे घातले. पाचव्या खेपेला खिडकीतला कारकून म्हणाला, "फेरतपासणी मिळेल. पण जमत नाही, हे त्याच्या तोंडून यायला हवं."

त्याच संध्याकाळी तिनं बापूला समोर बसवलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

"नवीन काम सांगितलं तर?"

"जमतं."

"जमत नाही, म्हण."

"मग मी नापास होईन ना."

"हो. या वेळी नापास व्हायचं."

"बरं," तो म्हणाला. "पण त्या दिवशी तू बाहेर बस हं, ताई. तुझ्यासमोर नको."

ताईनं मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.